पाणी ओतलेला सुरुंग

तातेराव चुलीतला निखारा बोटांनी उचलून बिडी पेटवतो. पाहुणे आले की हे मी मुद्दाम दाखवतो. उभा जन्म विहिरीत ड्रिल मशीन धरून त्याच्या बोटांची जाणच गेली. कानही तसेच. टेंभुर्णीच्या शिवारात बरंचसं पाणी त्याच्या सुरुंगांनीच लागलं. माझ्या विहिरीच्या वेळी एक दगड उडून थेट आमच्या पंगतीत आला, तर हा म्हणतो, "दादा, ह्यालाबी वाढा." अजून हसतो मी! असो, माझी गाडी अशी भलतीकडं जाते.

दोन वर्षांमागं त्याचा पोरगा सुमित विहिरीतच गेला. आमच्याकडं रीत अशी, की सुरुंग उडाला नाही तर त्या भोकात घागरभर पाणी ओतायचं, 'मेला' म्हणायचं आणि सकाळी शेजारी नवं भोक पाडायचं. पाणी तातेरावानंच ओतलं होतं. सुमितनं शेजारी ड्रिल लावलं आणि 'मेलेला' सुरुंग उडाला.

तेव्हापासून तातेराव रडला नाही, कुणाशी भांडला नाही. मी गोष्टी सांगतो, तो "हं" म्हणतो.

माझी नात तृप्ती पुण्याला स्फोटकांच्या स्फटिकांवर अभ्यास करते. दिवाळीला ती आली, तर तातेराव आपणहून ओसरीवर आला.

"पोरी, पाण्यानं सुरुंग मरतो का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "तात्या, काही स्फटिकांत आतले कण एकमेकांना धरून असतात. हायड्रोजनचा बंध म्हणतात त्याला. बंध चांगले असले की थरावरून थर सरकतो, दणका वाटला जातो. पाणीसुद्धा त्याच बंधानं चिकटतं. म्हणून खतापासून केलेली सुरुंगाची दारू भिजते, मंद होते."

"अन् सुरुंग पेटवणारी टोपी?"

"टोपीतल्या दारूत बहुतेक तसले बंधच नसतात. दणका एका जागी साचतो. अन् ती धातूच्या नळीत बंद. पाण्यानं ती मरत न्हाई, तात्या."

"म्हंजे जित्ता होता."

तृप्तीनं मान हलवली. "हं," म्हणून तो उठला. चहा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात गावातल्या बद्रीनाथच्या विहिरीवर खोदकाम करणाऱ्या पप्पूच्या टोळीचा एक सुरुंग उडाला नाही. पाणी ओतून झालं. सकाळी पाहतो तर तातेराव यारीच्या टोपल्यात बसलेला. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर काढायची मशीन. माणसंही त्याच टोपल्यातून खाली उतरतात.

"तात्या, उठा की! रोज बुडून राह्यला आमचा," पप्पू ओरडला. "पाणी बराबर ओतलंय."

"म्याबी ओतलं होतं."

उन्हं चढली तरी तातेराव हलला नाही. टोपल्याची साखळी उन्हानं तापली होती, ती तातेरावानं मुठीत धरलेली.

"हात पोळंल, तातेराव," मी म्हणालो.

"कळत न्हाई, दादा."

शेवटी पप्पूनं सुरुंगाचा परवाना असलेल्या माणसाला फोन लावला. तो दुपारी आला, आम्हाला लांब बांधावर बसवलं आणि भोकातल्या मालाला कुणाला हात न लावू देता वरूनच बार उडवला. जमीन हादरली. दगड वर येऊन परत विहिरीत कोसळले.

तातेराव विहिरीकडं पाहत होता. "उडाला का?"

"उडाला," मी त्याच्या कानात सांगितलं.

"हं." त्यानं बिडी काढली. तिथं निखारा कुठला? पप्पूनं काडी ओढून पुढं धरली. ती विझली, त्यानं दुसरी ओढली. तातेरावानं त्याचं मनगट धरलं आणि बिडी पेटेपर्यंत सोडलं नाही.