भामरेकाकांचं ब्रेक ऑइल

आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत पार्किंग कितीही झाडा, धूळ आणि किस्से रविवारपर्यंत पुन्हा साठतातच. त्यातले निम्मे किस्से एकट्या भामरेकाकांचे! काका मूळचे सटाण्याकडचे, आता रिटायर्ड, आणि स्वतःच्या गाडीला मेकॅनिकचा हातही लागू न देणारे.

ब्रेक ऑइलच्या किश्शाला सुरुवात झाली देवीच्या गडाच्या घाटात. दर्शन घेऊन उतरताना ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं! काकांनी हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली. ब्रेक ऑइल गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं. काकी उतरल्या, दार आपटलं आणि म्हणाल्या, "आता या डब्यात मी बसणार नाही."

तेव्हापासून काकी गडावर एसटीनं जातात आणि काका एसटीच्या मागून रिकामी गाडी घेऊन! बिचाऱ्यांना एकच ध्यास, ही पुन्हा गाडीत बसली पाहिजे.

*

मग दर रविवारी टॉपअप. काका बॉनेट उघडणार, ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल ओतणार आणि वर खिडकीतल्या काकींकडं बघून अहिराणीत ओरडणार, "लेव्हल बराबर शे!" काकी खिडकी लावून घेणार.

पुढं त्यांनी झिजलेल्यांच्या जागी नवे, जाड ब्रेक पॅड बसवले, तर मागं ढकललं गेलेलं जास्तीचं ऑइल डबीतून भसकन वर आलं. तळमजल्यावरचे आमचे मालेगावचे सलीमभाई म्हणाले, "काका, गाडी आहे, पाहुणा नाही. किती आग्रह करायचा!"

*

गाडीवर सांडलेलं ऑइल काकांनी पाण्यानं न धुता नुसतं फडक्यानं पुसलं, आणि ब्रेक ऑइल तर रंग खातं. पुढच्या रविवारी तिथल्या रंगाचे पोपडे!

काकी खिडकीतून म्हणाल्या, "आधी ब्रेक गेला, आता रंग गेला. चाकं कधी जाणार?"

काकांना कोण आनंद! "ऐकलं का? गाडीबद्दल बोलली!"

*

शेवटी सगळं ऑइल बदलायचं ठरलं. काका चाकाशी आडवे, मी पेडलवर. ते "दाब" म्हणाले की दाबायचं आणि "सोड" म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही, नाहीतर ब्रेकच्या नळीत हवा शिरते. नेमका माझा फोन वाजला, पाय उठला आणि हवा आत!

"अरे, तुला ब्रेकवर बसवलंय, झोपाळ्यावर नाही!"

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा फोन, पुन्हा हवा!

*

हे सगळं वरून बघत असलेल्या काकी तरातरा खाली आल्या. "ऊठ रे. तुझा फोन घे आणि घरी जा." मी उठलो, पण घरी कसला जातोय! काकींनी पदर खोचला, सीटवर बसल्या आणि पेडलवर पाय ठेवला.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय."

काकांचा आवाज दर खेपेला मऊ होत गेला. मला हसू आवरेना, तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सलीमभाईंनी डोळे वटारून मला गप्प केलं. खरं सांगतो, त्यांचेच डोळे भरले होते.

नळीतून स्वच्छ ऑइल आलं, पेडल घट्ट झालं. काका हात पुसत उठले, गाडीच्या खिडकीशी गेले आणि चाचरत म्हणाले, "अगं, आता तरी बसशील ना गाडीत?"

"मी केव्हाची बसलेय," काकी म्हणाल्या. "तुम्हीच बाहेर उभे आहात!"