कॉम्प्युटरची टेम्पोपूजा

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही, खरंच कबूल करा! कारण आमच्या गावात या प्रकरणावर अजून लोक हसतायत, तुमची त्यात भर नको.

माझा धंदा टेम्पोचा. थळपासून पनवेलपर्यंत बर्फातली मासळी नेतो. आता दसऱ्याला टेम्पोची पूजा कशी करायची, ते मला कुणी शिकवायला नको. हार, नारळ, चाकाखाली लिंबू आणि वरून मूठभर अक्षता. मूठभर म्हणजे मूठभर! चिमटीनं अक्षता टाकणारा माणूस धंद्यात कधी वर येत नाही, असं माझं ठाम मत होतं.

होतं म्हणतोय, लक्षात ठेवा.

तर यंदा घरात दुसरं वाहन होतं, लेकीचा कॉम्प्युटर. सायली पनवेलच्या कॉलेजात कार्टून फिल्म बनवायला शिकते. शेवटच्या वर्षासाठी तिनं आमच्या आज्याच्या मिठागरावर फिल्म केली होती. आज्याची मिठाची रास, खारातले बगळे, सगळं हलतं-चालतं! सहा महिने पोरगी त्या डब्याला चिकटून होती. फिल्म दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळपर्यंत कॉलेजला पाठवायची, नाहीतर वर्ष गेलं.

मग अशा डब्याला मी हार घालणार नाही? सायली अंघोळीला गेली तेवढ्यात मी पूजा उरकली. स्क्रीनला झेंडूचा हार. कुंकवात भिजवलेल्या अक्षता सढळ हातानं सगळीकडे. चाक मात्र सापडेना! शेवटी तिच्या फिरत्या खुर्चीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. बाकी कुठे काही कमी पडू दिलं नाही.

दसऱ्याला यंत्राला हात लावायचा नाही, हाही माझाच हुकूम. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं काढली, टेबल झटकलं आणि सायलीनं बटण दाबलं.

टीं टीं टीं टीं टीं!

डबा नुसता किंचाळायला लागला. स्क्रीनवर एक निळं पान, त्यात इंग्रजी अक्षरं. बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा किंचाळी, पुन्हा तेच निळं पान.

"पप्पा, फिल्म आतच हाय!" पोरीचा चेहरा पांढरा पडला. पण बाप घाबरलेला दिसून कसं चालेल?

"घाबरू नको. सेल्फ मारतोय, पण इंजिन उचलत न्हाय. एवढंच हाय," मी म्हणालो.

अलिबागच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो गेला होता सासुरवाडीला. म्हणाला, "डिस्क गेली असंल काका. परवा डबा घेऊन या." परवा! परवा काय त्या डब्यात भात शिजवू?

शेजारचा दिन्या आला. तोही टेम्पोवाला, म्हणजे माझ्याइतकाच जाणकार.

"ओल धरलीय रे," तो म्हणाला. "खारी हवा. माझ्या टेम्पोचा पत्रा खाल्ला, हा डबा काय चीज हाय?"

झालं! दोघांनी मिळून डबा उचलला आणि अंगणात, वाळत घातलेल्या सुकटीच्या शेजारी उन्हात ठेवला. मांजर येऊन हुंगून गेलं. तासाभरानं आत आणून जोडला.

टीं टीं टीं टीं टीं!

मग मी बायकोवर घसरलो. "तू ओल्या फडक्यानं पुसलास काय?"

"मी कशाला हात लावू?" सुगंधा कडाडली. "गावभर सांगत फिरलात, माझी पोर सिनेमा काढते म्हणून. दृष्ट लागली त्याला!"

दृष्ट! एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सुगंधानं मीठ-मोहरी ओवाळली. आणि मला वाटलं, कालच्या पूजेतच काहीतरी कमी राहिलं असणार. म्हणून मी काय केलं? पुन्हा हात जोडले, अक्षतांची वाटी उचलली आणि...

हो. आणखी एक मूठ. भरगच्च.

आता तर किंचाळी थांबेचना. घड्याळ पुढे सरकत होतं. सायली खुर्चीत बसून मुसमुसत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं हो. वाटलं, टेम्पो विकून नवा डबा आणीन, पण त्यातला आज्या कुठून आणू?

सायलीनं डोळे पुसले. "पप्पा," ती एकदम म्हणाली, "हे लाल काय हाय?"

तिनं कीबोर्ड उचलला, उलटा धरला आणि खालून दोन थापा मारल्या.

अक्षतांचा पाऊस पडला! झेंडूच्या पाकळ्यासुद्धा. काही दाणे तर कुंकवासकट वाळून बटणांच्या फटीत घट्ट बसले होते. एक बटण कायमचं दाबून धरलेलं. बिचारा डबा सकाळपासून ओरडून तेच सांगत होता, आणि मी त्याच्यावर आणखी अक्षता टाकत होतो.

सायलीनं पिन घेऊन एकेक दाणा काढला आणि डबा चालू केला.

एक बारीकसा टीं. मग स्क्रीनवर आज्या उभा, हातात मिठाचं फावडं घेऊन! सुगंधा रडायला लागली. मीही. दिन्या म्हणाला त्याच्या डोळ्यात मोहरीचा धूर गेला.

टेबलाखाली आमची कोंबडी अक्षता टिपत होती. त्या घरात तेवढी एकच माझ्यावर खूश होती.

फिल्म वेळेत गेली. कॉलेजला एवढी आवडली, की पोरीला पुढे त्याच कामासाठी बोलावणं आलंय. पण तो मान मला कुणी देत नाही!

फिल्म पाठवली त्याच संध्याकाळी अलिबागवाल्याचा फोन आला. सायलीनं मुद्दाम स्पीकर लावला.

"काय गं, झाला का चालू? प्रॉब्लेम डब्यात कुठे होता?"

सायलीनं माझ्याकडे बघितलं.

"डब्यात नव्हता दादा," ती म्हणाली. "प्रॉब्लेम डब्याच्या पाया पडत होता."