दुकानातली माझी सुई

फोन आला तेव्हा मी पडवीत बसून ओवळांचा, म्हणजे बकुळीच्या फुलांचा, वळेसर ओवत होते. आमच्या मोहनभावजींच्या दुकानातून एक गिऱ्हाईक बोलत होतं, "काकी, मोहनकाका खुर्चेरच कलांडले... आता नाय ते." मी हातातल्या दोऱ्याला गाठ मारली, फुलांची टोपली बाजूला सारली नि निघाले. रडायला पुढे भरपूर वेळ असतो. त्याला आता सव्वा महिना झाला.

मोहन माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. जेवण माझ्याकडचं, झोप दुकानामागच्या खोलीत. आचऱ्याला तिठ्यावर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. लोकांचे फॉर्म भरायचे, सातबारा काढून द्यायचा, बिघडलेली मशीनं दुरुस्त करायची. मी चौथी शिकलेली. पण रोज दुपारी डबा घेऊन जायचे आणि त्यांचं जेवण होईतो तिथेच ओवळं ओवत बसायचे, म्हणून थोडंफार कळायला लागलं. माणूस सरळ, पण उतावळा. उगाच कौतुक करणार नाही.

काही वर्षांपूर्वी दुकानातलं मशीन इतकं मंद झालं की एक फॉर्म उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा. माणसं कंटाळून उठून मालवणला जाऊ लागली. असंच चाललं असतं तर शटर कायमचं खाली आलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मग त्यांनी ठरवलं, मशीन तेच ठेवायचं, आतला प्रोसेसर तेवढा नवा घालायचा. प्रोसेसर म्हणजे बिस्किटापेक्षा लहान चौकोनी तुकडा, खाली केसासारख्या पिना. तो मदरबोर्डावर आपल्या जागी बसतो आणि सगळं मशीन त्याच्या डोक्याने चालतं. आमच्याकडे होडी घ्यायची असो की सोयरीक जमवायची असो, आधी देवळात कौल लावतात. भावजींनी प्रोसेसरसाठीही लावला. पाषाणावर चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. तेवढ्यावर हा माणूस कुडाळला जाऊन नवा तुकडा घेऊन आला. आपल्या बोर्डावर कुठला चालतो ते बघितलंच नाही.

तो बसेना. भावजींनी बोटाने दाबला. काढून बघतात तर पिना वाकलेल्या. खुर्चीत बसले ते उठेनात.

मी म्हटलं, "देवाक इचारलात, पण ह्या बोर्डाक इचारलात काय?"

ते म्हणाले, "देवान घे म्हटल्यान, वयनी. खंयचो घेवचो ता मीच इचारूक नाय."

मला हसू आलं, पण माणसाचा चेहरा उतरला होता. कुडाळचा दुकानदार वाकडा तुकडा बदलून देणार नव्हता. भावजींनी चिमटा उचलला आणि परत खाली ठेवला. "वयनी, तुमचो हात हलणा नाय. तुमीच करा." ओवळाच्या भोकातून सुई घालून घालून माझा हात पक्का झालेला. भिंग धरलं त्यांनी, सुई धरली मी. संध्याकाळपर्यंत एकेक पिन सरळ केली. एकही मोडली नाही.

"वाकलेल्यो म्हणान सांगा नकात," मी त्यांना बजावलं. दुसऱ्या दिवशी भावजी कुडाळला गेले आणि दुकानदाराला आधी तेच सांगितलं! त्याने भिंगातून तपासलं, मान डोलावली आणि भावजींच्या बोर्डावर चालणारा, थोडा जुना प्रोसेसर बदलून दिला. मशीन धावायला लागलं. दुकान राहिलं.

त्यानंतर कोणी मशीन घेऊन आला आणि म्हणाला, नवा प्रोसेसर घाला, की भावजी आधी झाकण उघडायचे, बोर्डाचा नंबर कागदावर उतरवायचे, कुठले प्रोसेसर त्यावर चालतात ते शोधून खाली लिहायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे, "आमच्या वयनींचो नियम आसा." माझी सुई मात्र परत दिली नाही. मागितली की म्हणायचे, "ती आता दुकानाची."

परवा मी दुकान आवरायला गेले. टेबलावर कोणाचं तरी मशीन उघडं होतं. शेजारी कागद, त्यावर भावजींच्या अक्षरात बोर्डाचा नंबर. खालची जागा कोरी... भिंतीवरच्या कॅलेंडरला माझी सुई टोचलेली होती. काढून घेतली. जरा वेळ हातात धरली आणि पुन्हा तिथेच टोचली. घरात माझ्याकडे सुया आहेत.