आमेनच्या आधी

आमच्या घरात भांडणं व्हायची ती डोळे मिटून. संध्याकाळी साडेसातला रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत चटई पडली की बाबा, आई, मी आणि धाकटी बहीण गोल करून बसायचो. आधी मी पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायची. ते काम बाबांनी मलाच दिलं होतं, "तुहा आवाज गोड आहे," म्हणून. मग एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. नियम दोनच. कोणाची प्रार्थना चालू असताना मधे तोंड घालायचं नाही, आणि प्रार्थनेत बोललेलं आमेननंतर उकरून काढायचं नाही.

या नियमांचा आईनं घेतला तेवढा फायदा कोणी घेतला नसेल. "हे प्रभू," ती सुरू करायची, "सिलिंडर संपून चार दिवस झाले. या घरात कर्ता पुरुष आहे म्हणतात, त्याले सुबुद्धी दे." बाबांची पाळी आली की ते शांतपणे म्हणायचे, "बापा, सिलिंडरचा नंबर लावला आहे. तुले तं माहीतच आहे, जिले माहीत नाही तिले सांग." मला हसू आवरायचं नाही. धाकटीला भूक लागलेली असायची, ती हिंदीतच उरकायची: "प्रभु, सबको आशीष देना, आमेन."

देवाशी असंच बोलतात असं मला वाटायचं. तो त्या चटईवरचा पाचवा माणूस होता, आणि सगळ्यांचं ऐकून घेणारा तेवढा एकच. किती आठवण येते त्या चटईची!

बाबा शहराबाहेर उरला इथल्या लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होते. सकाळी मिलच्या बसपर्यंत मी त्यांच्यासोबत चालत जायची, माझी शिकवणी त्याच वाटेवर होती. बारावी झाली आणि माझा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. बाबा म्हणाले, "नाही." काहून? तर, "दूर आहे." अहो, नागपूर काय दूर? आमचं अर्धं गणगोत तिकडं! मी तणतणले, दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी पोहे पाहून राहवलं नाही. बाबा आपले ढिम्म. मग मी लढाई चटईवर आणली.

"प्रभू, ज्यांनी मला शिक शिक म्हणून शिकवलं, तेच आता शब्द फिरवून राहिले. त्यांचं मन वळव." बाबा आपल्या पाळीला एवढंच म्हणायचे, "बापा, तुही इच्छा होऊ दे." असा संताप यायचा! देवाच्या आडून नाही म्हणायचं, म्हणजे काय?

कॉलेजात हजर व्हायला आठ दिवस उरले तेव्हा माझी जीभ सुटली. "प्रभू, माझ्या बापाचं काळीज दगडाचं आहे. त्यांना माझं भलं नकोच आहे." आईनं माझ्या मांडीला करकचून चिमटा घेतला, पण नियम म्हणजे नियम, ती बोलली नाही.

बाबांची पाळी आली.

"बापा," ते म्हणाले, "भट्टीकडं पाहू पाहू माहे डोळे अधू झाले. शास्त्र वाचता येत नाही, म्हणून पोट्टीकडून वाचून घेतो. सकाळी बस कोणती ते हिच्यामुळं समजते. मिलमधलं काम हाताच्या सवयीनं होते. ही गेली तं सगळं उघडं पडन, मले घरी बसवतील. मंग या घरानं खावं काय? मले भेव लागून राहिलं. येशूच्या नावानं मागतो, आमेन."

आमेन झालं होतं, आता उकरून काढायचं नाही. आई ताटं घ्यायला उठली. एरवी भांडी आदळणारी बाई, पण त्या दिवशी एका भांड्याचा आवाज आला नाही. मी भात नुसता चिवडत बसले. रोज सकाळी त्यांच्या बाजूनं चालत होते आणि मला कळलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी ठरवूनच बसले होते. "प्रभू, मी खूप विचार केला. मला नागपूरला जायचंच नाही. नर्सिंग मला आवडतच नाही. मी इथंच..."

"आमेन म्हणू नको!"

बाबा ओरडले होते. त्या चटईवर तोवर कोणी कोणाला मधेच तोडलं नव्हतं. मी डोळे उघडले, तर ते गुडघ्यांवर उभे, त्यांचा हात माझा खांदा शोधत होता.

"बापा, इचं ऐकू नको! पोट्टी खोटं बोलून राहिली. काल मी भेलो, बोलून गेलो. तू आहे ना आमच्यासाठी? मंग मी काहून भेऊन राहिलो? इले जाऊ दे!"

मी गेले. बाबांनी मिलमध्ये आपणहून सांगितलं. त्यांना भट्टीवरून काढून गेटवर बसवलं, पगार कमी झाला, आईनं शिवणकाम धरलं. पुढं ऑपरेशन झालं आणि एका डोळ्यानं बरं दिसू लागलं. देवानं त्यांचंच ऐकलं, माझं नाही.

गेल्या वर्षी ते शेवटचे आजारी होते. मी नोकरीसाठी कधीचीच रायपूरला परतले होते. एका संध्याकाळी, साडेसातलाच, त्यांच्या खाटेपाशी बसून मी डोळे मिटले. "प्रभू, तुझी इच्छा होऊ दे. बाबांना न्यायचं असेल तर ने. मी तयार आहे."

साफ खोटं. आमेनच्या आधी मी थांबले, बाबा मधेच तोडतात का म्हणून. बराच वेळ थांबले. बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग आमेन मलाच म्हणावं लागलं.