गाडी मी चालवते

गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, आत एकदा डोकावून पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "सर, काय होऊन राह्यलं गाडीले?"

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाही गाडी चालवलेली नाही. त्यांची नजर लहानपणापासून अधू. आता तर पडद्याला सूज आहे, म्हणून दर महिन्याला मी त्यांना आमच्या मालेगावहून जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशिमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनसाठी नेते. त्या दिवशीही इंजेक्शन घेऊन ते वाशिमच्या त्या गॅरेजात काळा चष्मा लावून, डोळ्याशी रुमाल धरून उभे होते. किल्ली माझ्या हातात होती. ड्रायव्हरच्या बाजूने मी उतरले होते आणि ते त्या माणसाने पाहिलं होतं.

"झटके देते थोडी," नवरा म्हणाला.

"झटके देत नाही," मी म्हटलं. "वेगात चांगली चालते. पाय उचलून हळू केली की बंद पडते. मग सेल्फ मारला तर कधी लागते, कधी नाही लागत."

गॅरेजवाला मान हलवून नवऱ्याला म्हणाला, "मॅडम चोक वढून ठेवत असतीन."

मी तीस वर्षं सरकारी नर्स होते. शिरपूरकडच्या खेड्यांत नोकरी होती. एसटी वेळेवर मिळायची नाही, म्हणून ही छोटी पांढरी गाडी जुनीच विकत घेतली होती. खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर मी ती चालवली आहे, मागच्या सीटवर कळा देणारी बाई घेऊन चालवली आहे. गार इंजिन सुरू करायला चोक कधी ओढायचा आणि कधी आत ढकलायचा हे मला नव्याने शिकायचं नव्हतं. पण हुज्जत घालायची ती वेळ नव्हती. नवऱ्याचा डोळा दुखत होता आणि मला घरी पोचायचं होतं.

त्याने कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाच्या, नळ्यांत हवा मारली, एक स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "आयडल वाढून देलं सर. आता नाही पडत बंद."

आयडल म्हणजे गाडी उभी असताना इंजिन फिरतं तो वेग. बंद पडेना, हे खरं. पण गाडी उभी असली तरी इंजिन असं ओरडायचं की जणू कुणी तिच्या शेपटीवर पाय दिलाय. पाय काढला तरी ती पुढे ओढत राहायची. पुढच्या वेळी वाशिमच्या बाजारात शिरलो, समोर संत्र्यांचा हातगाडा आडवा आला, मी ब्रेक दाबला, तरी गाडी दोन हात पुढे सरकली. गाडेवाली बाई किंचाळली. संत्री रस्त्यावर पडली. कुणाला लागलं नाही. मी खाली उतरून संत्री गोळा करू लागले. ती बाई म्हणाली, "बाई, गाडी येत नसन तं कायले चालवता?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला काय माहीत, कुणी कुठला स्क्रू फिरवलाय ते!

घरी आल्यावर मी वही काढली. वॉर्डात तापाचा तक्ता ठेवतात तसा गाडीचा तक्ता ठेवायचं ठरवलं. तो स्क्रू मी स्वतःच हळूहळू मागे फिरवला आणि इंजिनचा आवाज पूर्वीसारखा केला. साहजिकच गाडी पुन्हा बंद पडायला लागली. पण आता मी प्रत्येक वेळ लिहून ठेवत होते. कुठे बंद पडली, इंजिन गार होतं की तापलेलं, ऊन किती, टाकीत पेट्रोल किती. तीन आठवडे लिहिलं. गार असतानाही पडायची, तापल्यावरही पडायची. टाकी भरलेली असो की अर्धी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून गेली की त्यानंतरच्या थांब्यावर ती हमखास बंद पडायची. आणि कधी कधी दुसरा एखादा दणका बसला की आपोआप सुधारायची.

ती वही घेऊन मी पुन्हा त्याच गॅरेजात गेले. नवरा सोबत होताच, इंजेक्शनचा दिवस होता.

"हे वाचा," मी वही उघडून त्याच्यासमोर धरली. "दणका बसला की बिघडते. काहीतरी ढिलं आहे किंवा तुटलंय."

त्याने वही घेतली, बॅटरीवर ठेवली आणि तिच्यावर तेलाने माखलेले दोन नट ठेवले. घरंगळू नयेत म्हणून! मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "सर, खरं सांगू का? इकून टाका हे. कार्बोरेटरवाली गाडी आता कोन ठेवते? नव्या गाडीले लॅपटॉप लावला का ते सोताच सांगते काय झालं तं."

"ही पण सांगते," मी म्हटलं. "तुम्ही ऐकत नाही."

तो हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसं हसला, आणि नवऱ्याला म्हणाला, "कार्बोरेटरच बदलाव लागन. भेटला तं जुना भेटन, नाही तं नाही."

मी नट उचलून बाजूला ठेवले, वही घेतली आणि गाडीत बसले. तीन आठवड्यांच्या नोंदींवर दोन काळी वर्तुळं उमटली होती.

डॉक्टरांकडचं आधीच उरकलं होतं, मी सरळ मालेगावचा रस्ता धरला. गावाबाहेर पहिल्याच गतिरोधकानंतर गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या ट्रकने कर्कश्श हॉर्न दिला आणि आम्हाला घासून पुढे गेला. कशीबशी गाडी कडेला लावली आणि माझा सगळा राग नवऱ्यावर निघाला.

"तो तुम्हाला विचारतो अन् तुम्ही उत्तरं देता! झटके देते म्हणे! तुम्हाला काय माहीत ती काय देते? एकदा तरी म्हणायचं, मले नको विचारू, तिले विचार."

त्यांनी डोळ्यावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, "चुकलंच माझं. तो इचारे अन् मले वाटे, काहीतरी बोलाव लागते."

"मग जे माहीत आहे ते तरी बोलायचं."

"जे मले माहीत हाये ते तो इचारतच नाही नं," ते म्हणाले. "पयले तू चाबी फिरवली का समोरून टक असा आवाज ये. बारीक. इंजिन चालू व्हायच्या आंधी. आता कवा येते, कवा येत नाही. जवा येत नाही तवा गाडी नखरे करते."

मी त्यांच्याकडे वळले. "हे मला काहून नाही सांगितलं?"

"तू बी कुठं इचारलं?"

 तीन आठवडे मी ऊन लिहिलं, पेट्रोल लिहिलं, खड्डे लिहिले, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला एक प्रश्न केला नाही. नजर गेली तसे त्यांचे कान किती तिखट झालेत हे घरात मला रोज दिसतं. दूध उतू जायच्या आधी ते हाक मारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आम्ही बोनेट उघडलं. गाडीसोबत आलेलं जुनं माहितीपुस्तक मी पत्र्याच्या पेटीतून शोधून काढलं. त्यातल्या चित्रावरून कळलं की कार्बोरेटरच्या अंगाला अंगठ्याएवढा एक भाग असतो आणि त्याला एक वायर जाते. किल्ली फिरवली की वीज येते, आतली सुई मागे सरकते आणि गाडी उभी असताना लागतं तेवढ्या पेट्रोलची वाट मोकळी होते. वीज गेली की वाट बंद. स्क्रू फिरवून इंजिन ओरडतं ठेवलं तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतं, म्हणून ती मधे 'बरी' झाली होती.

मी इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवून ठेवली. नवरा बोनेटवर वाकला.

"आला आवाज?"

"नाही."

मी पुढे गेले आणि ती वायर दोन बोटांत धरून हलवली.

"टक," ते म्हणाले. "आता पुन्हा गेलं. टक. हे पाह्य, टक!" एवढ्या उत्साहाने त्यांना मी बऱ्याच दिवसांत बोलताना ऐकलं नव्हतं.

वायरचं प्लास्टिक वरून शाबूत होतं. आतली तार पिनेपाशी तुटली होती, दणका बसला की सुटायची आणि दुसऱ्या दणक्याला टेकायची. मालेगावातल्या बॅटरीच्या दुकानातून मी नवी पिन आणि वीतभर वायर आणली. बॅटरीचं एक टोक सोडलं, तुटका भाग कापला, नवी वायर जोडली, टेप गुंडाळली. हे करायला मला अर्धा तासही लागला नाही, आणि त्या अर्ध्या तासाने माझा राग कमी होण्याऐवजी वाढला. एका वायरीपायी मी कुणाच्या तरी लेकराला त्या बाजारात चिरडलं असतं.

पुढच्या महिन्यात वाशिमला जाताना मी मुद्दाम त्या गॅरेजसमोर गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. ते शांतपणे चालत होतं. गॅरेजवाला बाहेर आला, ऐकलं, आणि नवऱ्याच्या खिडकीशी वाकला.

"वा सर! कोनाकडे दाखवली?"

नवऱ्याने काळा चष्मा काढला. "मले इचारू नको भाऊ," ते म्हणाले. "मले तं रस्ताच दिसत नाही. गाडी हे चालवते, दुरुस्त बी इनंच केली."

तो माझ्याकडे वळला. मी सांगितलं: वायर, पिन, दणका, आणि त्याने वाढवलेल्या आयडलमुळे पडलेली संत्री. सगळं सांगितलं. तो चिंधीला हात पुसत राहिला.

"वायर पाह्यलीच असती आमी," शेवटी तो म्हणाला. "तुमी थांबल्याच नाही."

माफी नाहीच. मी गिअर टाकला. डॉक्टरांकडे नंबर लावायचा होता.

थोडं पुढे गेल्यावर नवरा म्हणाला, "बोललो ना आज?"

"बोललात," मी म्हटलं. "पण तीन महिने उशिरा."

ते हसले. मला हसू आलं नाही.