निळ्या संघाची मी कोण?

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी ज्या वर्षी इटलीच्या लीगमध्ये तो निळा संघ विजेता झाला, त्या वर्षीचे त्याचे जवळजवळ सगळे सामने मी सिंगापुरात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून पाहिले. का पाहिले, हे मला अजूनही धड सांगता येत नाही. कोणी विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर देते.

सुरुवात गैरसमजातून झाली. मी आंग मो किओमधल्या एका कंपनीत क्वालिटीचं काम बघते. आम्ही रक्तदाब मोजायची यंत्रं बनवतो आणि त्यातला एक छोटा व्हॉल्व्ह इटलीहून येतो. त्या वर्षी त्याच्या दोन बॅच लागोपाठ खराब निघाल्या. तिकडच्या कारखान्यात माझ्याच जागेवर असलेले गृहस्थ साठीला आलेले, जाड भुवयांचे, कमी बोलणारे. मी त्यांच्याकडे टेस्टचे मूळ आकडे मागत होते आणि तीन आठवडे ते मला 'बघतो' म्हणत होते. आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर इतकं गोड बोलायचो, की त्यापेक्षा भांडलेलं परवडलं असतं.

त्या शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. संध्याकाळी गणपतीच्या तयारीला जायचं होतं, म्हणून स्वयंसेवकांचा टीशर्ट सकाळीच अंगात चढवला होता. निळा, आणि छातीवर पांढऱ्या गोलात मोदक. दुपारी चारच्या कॉलला कॅमेरा सुरू झाला आणि ते खुर्चीतून अर्धवट उठलेच. काहीतरी म्हणाले. आवाज तुटत होता. मला फक्त "तुम्हीसुद्धा?" एवढं ऐकू आलं. कालचा ईमेल मलाही मिळाला का, असं विचारताहेत असं मला वाटलं.

"हो, हो. मीसुद्धा," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले.

अर्ध्या तासात ईमेल आला. टेस्टचे मूळ आकडे, सगळेच्या सगळे. त्याखाली कसलंसं लांबलचक वेळापत्रक, सिंगापूरच्या वेळेप्रमाणे बदलून दिलेलं. शेवटी लिहिलं होतं, 'ताई, यंदाचं वर्ष आपलं आहे.' इंग्रजीत 'सिस्टर' लिहिलं होतं, पण मी ते ताई असंच वाचलं. मग पुन्हा वाचलं. ह्या माणसाची मी ताई कशी झाले?

माझी मुलगी शाळेतून आली होती. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि सोफ्यावर लोळून हसत, इथल्या पोरांच्या 'लाह'वाल्या इंग्रजीत ओरडली. "आई, ही थिंक्स यू सपोर्ट हिज टीम, लाह! युवर मोदक लुक लाइक देअर बॅज!"

त्या क्लबचं चिन्ह तिने मला फोनवर दाखवलं. निळ्यावर पांढरा गोल. तुटक्या चित्रात मोदक तसा दिसला असेलही.

सोमवारी खरं सांगायचं मी ठरवलं होतं, शपथेवर. पण सोमवारी कॉल सुरू होताच त्यांनी विचारलं, "कालचा सामना पाहिलात?" आणि माझ्या बाजूला आमचे मॅनेजर बसले होते. आकडे मिळाल्यामुळे ते इतके खूश होते, की त्यांनी टेबलाखालून मला अंगठा दाखवला. मी म्हटलं, "नाही हो, जमलं नाही." हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. "पुढच्या वेळी बघा," ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी दिसली, की मी पुढच्या वेळी बघितला.

सामने आमच्याकडे अवेळी यायचे. मी रेकॉर्डिंग सकाळी बघायची, डबे भरता भरता. मुलगी दूध पीत शेजारी बसून शिकवायची. ऑफसाइड तिने मला तीनदा समजावलं. समजावत असेपर्यंत ते कळायचं आणि पडद्यावर झालं की पुन्हा काहीच कळायचं नाही. एकदा तर संघ परगावी खेळत होता. परगावी आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत खेळतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. समोरचे होते निळसर. अर्धा तास मी त्यांच्या बाजूने जीव मुठीत धरून बसले. गोल झाला तेव्हा हातातला झारा उंचावून ओरडले.

माझा नवरा पोहे खात होता. तो बँकेत आहे आणि त्याला क्रिकेटपलीकडे खेळ नाही. त्याने शांतपणे पडद्याकडे पाहिलं. "अगं, तो तुमच्यावर झालाय."

मी मटकन खाली बसले. आणि मग विचार आला, की मला वाईट नक्की कशाचं वाटतंय? गोल झाल्याचं, की चुकून आनंद झाल्याचं?

दिवाळीच्या सुमारास प्रकरण वाढलं. मी बघायला लागल्यापासून संघ हरला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या आलं होतं. "ताई, तुमचा पायगुण आहे," अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. मी हसले. पण त्यानंतरच्या रविवारी आम्ही बेडोकला मैत्रिणीकडे फराळाला गेलो, दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला उशीर झाला आणि सामना राहिला. चारच्या कॉलवर त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"पाहिलात?"

"पाहिला," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

त्यांनी मान हलवली. "मग तुमचा दोष नाही."

माझं हे 'पाहिला' तरी उघडउघड खोटं होतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू इंजिनियर आहेस ना? तुझ्या चकल्या खाण्याचा आणि तिकडे गोल बसण्याचा काय संबंध?" संबंध नव्हताच. मला ते माहीत होतं. तरीही त्या आठवड्यात मला दोनदा वाटून गेलं, की मी बघितला असता तर. आणि त्यानंतर मी एकही सामना चुकवला नाही.

जानेवारीत ते एका कॉलला आले नाहीत. पुढच्याही नाही. त्यांच्या जागी त्यांच्या हाताखालच्या बाई आल्या आणि त्यांनी सांगितलं, की साहेबांच्या उजव्या डोळ्यासमोर एका सकाळी पडदा आल्यासारखं झालं. आतलं दृष्टिपटल सुटलं होतं. ऑपरेशन झालंय, आता काही दिवस त्यांना पालथं पडून राहायचं आहे, तोंड जमिनीकडे करून. वर बघायचं नाही, टीव्ही-फोनचा पडदा बघायचा नाही.

मी त्यांना त्या बाईंकरवी चार ओळींचा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये असताना त्यांचाच फोन आला. आवाज खालून, विहिरीतून आल्यासारखा.

"मी जमिनीशी बोलतोय," ते म्हणाले. "तुम्ही ऐकताय, हे बरं आहे."

मी तब्येत विचारली. त्यांनी ती बाजूला सारली. "रविवारचा सामना मी रेडिओवर ऐकला. पण तो बोलणारा नुसता ओरडतो. काय दिसलं ते सांगत नाही. तुम्ही पाहिलात ना? सांगा."

मी पॅन्ट्रीत उभी होते. मागे मायक्रोवेव्ह फिरत होता. काय सांगणार? मला तर शब्दही माहीत नव्हते. म्हणून मी जे दिसलं होतं तेच सांगत गेले. पाऊस होता. आपल्या गोलकीपरने दोन वेळा हातमोजे काढून झटकले. दहा नंबरचा पडला आणि त्याला उठवायला समोरच्याच संघाचा एक उंच माणूस आला, पण दहा नंबरने त्याचा हात घेतला नाही. प्रशिक्षक सारखे बाटली उघडत होते आणि पाणी पीत नव्हते. पहिला गोल झाला तेव्हा कोपऱ्यातला एक म्हातारा उठलाच नाही, त्याने फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी थांबले. मला वाटलं, फोन तुटला.

"पुढे?" ते म्हणाले.

मग दर सोमवारी हेच. ते हळूहळू बरे झाले, आधी कुशीवर वळले, मग खुर्चीत बसायला लागले, पण फोन थांबले नाहीत. सामना बघताना मी आता वहीत टिपायला लागले. ऑफसाइड मला तेव्हाही येत नव्हतं, पण कोण कोणावर रागावलाय हे मला लगेच कळायचं. मी 'आपला डावीकडचा' म्हणायला लागले होते. मुलीने एकदा विचारलं, "आपला मीन्स हूज?" मी म्हटलं, "गप्प बस आणि दूध पी."

ही फसवणूक मला मात्र टोचत होती. निरोगी माणसाशी खोटं बोलणं वेगळं, आणि डोळा गेलेल्या माणसाशी वेगळं. फेब्रुवारीच्या शेवटी एका सोमवारी मी हिय्या केला. मोदकापासून सगळं सांगितलं. टीशर्ट गणपतीचा होता, चिन्ह म्हणजे एक गोड पदार्थ होता, त्या दिवशी मला तुमचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. दिवाळीत हरलात तेव्हा मी चकल्या खात होते. मी तुमच्या क्लबची नाही. कधीच नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "पण सामने तर पाहिलेत?"

"पाहिले."

"कालचा?"

"पाहिला."

"मग क्लबच्या कशा नाही तुम्ही?" ते हसले. "ताई, माझी थट्टा करू नका. खोट्यासाठी कोणी इतके सामने बघत नाही."

मी पुन्हा सांगितलं, सावकाश, सोप्या इंग्रजीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, बरं. तो दहा नंबरचा अजून लंगडतोय का, ते सांगा."

मी खरं बोलले होते आणि त्यांनी ते मानलंच नव्हतं. मग मी अजून खोटारडीच होते, की सुटले होते? घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू सांगितलंस ना? संपलं तुझं काम." पण संपल्यासारखं वाटत नव्हतं. उलट आता सामने बघायला काहीच कारण उरलं नव्हतं आणि मी बघतच होते.

वसंतात, म्हणजे तिकडच्या, संघ इतका पुढे गेला की फक्त कधी जिंकणार एवढाच प्रश्न उरला. आणि तो दिवस आला तेव्हा आमचा संघ खेळतच नव्हता.

हे मला कळायलाच वेळ लागला. रविवार होता. आम्ही तिघं बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, जेवायला गेलो होतो. दुसऱ्या क्रमांकावरचा लाल संघ कोणत्यातरी तिसऱ्याशीच खेळत होता, इटलीत ऐन दुपारी, आमच्याकडे दिवेलागणीला; तो जिंकला नाही तर आम्ही विजेते. मुलीने फोन सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला.

"कोणाच्या बाजूने बसू?" मी विचारलं.

"नोबडी, आई. ड्रॉ इज इनफ."

कोणीच जिंकू नये म्हणून सामना कसा बघतात, हे मला माहीत नव्हतं. बॉल इकडे गेला की मी घाबरायची, तिकडे गेला की सुस्कारा सोडायची, आणि मग वाटायचं, त्या लाल कपड्यांतल्या बिचाऱ्यांनी माझं काय बिघडवलंय? माझ्या नूडल्स गार झाल्या. नवराही खायचा थांबला होता. शेवटी शिट्टी वाजली, एकेक गोलावर सामना बरोबरीत सुटला, आणि मुलगी बाकावर उभी राहिली. "चॅम्पियन लाह! चॅम्पियन!"

शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा बिअर पीत होते. त्यांनी हसून विचारलं, "युवर टीम विन, आह?"

"दे वर नॉट प्लेइंग," मी म्हटलं. त्यांना ते काही केल्या कळेना. मलाही.

मी इटलीला फोन लावला. तिकडे गाड्यांचे भोंगे, माणसांचा आरडाओरडा. ते बहुधा रस्त्यावर होते. ते इटालियनमध्ये ओरडत होते आणि मी, ह्याचं मला अजून नवल वाटतं, मराठीत. "अभिनंदन! अहो, जिंकलात! जिंकलो!" असं काहीबाही. दोघांनाही एकमेकांचा एक शब्द कळला नाही. फोन तीन मिनिटं चालू होता. ठेवल्यावर बघते तर माझे डोळे भरून आलेले. नवऱ्याने न विचारता टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

जूनमध्ये ते निवृत्त झाले. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि कडा दिसतात, अक्षरं नाही. व्हॉल्व्ह चांगले यायला लागले होते. कॉलवर त्यांच्या जागी त्या बाई असतात. त्यांना फुटबॉल आवडत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. मला कोणी वेळापत्रक पाठवलं नव्हतं, मीच शोधलं. सकाळी डबे भरताना लावलं तर माझ्या ओळखीचे जेमतेम निम्मेच होते. प्रशिक्षक बदलले होते. दहा नंबरचा विकला गेला होता आणि त्याचा नंबर एका मिशीवाल्या अनोळखी माणसाच्या पाठीवर होता. कपडे तेवढे तेच. मी त्या मिशीवाल्याकडे बराच वेळ बघत राहिले. ह्याच्यावर का म्हणून जीव टाकायचा?

"आता कोणी सांगितलंय बघायला?" नवऱ्याने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं आणि भाजीखालचा गॅस बारीक केला, कारण तेवढ्यात आपल्याला कॉर्नर मिळाला होता.