हळूताईंनी हात टेकले

आमच्या बालवाडीत हळूताईंचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. भिंत आपली म्हणायची. तिकडे कुणी शिंकलं की इकडची पोरं दचकतात. त्यामुळे या बाईंना मी पाहिलं त्यापेक्षा ऐकलंच जास्त. 'हळूताई' हे नाव मुलांनी ठेवलेलं. दिवसभर त्यांचं एकच चालायचं, "हळू, पडशील. हळू, तो झोपलाय." मी ओरडून ओरडून घसा बसवायची आणि माझ्या वर्गात गोंधळ तो गोंधळच. त्या नुसत्या कुजबुजायच्या, तरी पोरं चिडीचूप. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू?

त्यांनी लग्न केलं नाही. वडील होते तोवर वडिलांचं केलं. वडील शिंपी, कात्री आणि कापड सोडून कशावर विश्वास नसलेला माणूस. घरात प्रार्थना कधी झालीच नाही. म्हणूनच असेल, पण दरवर्षी एक दिवस हळूताई मुलांना विचारायच्या, "तुमच्या घरी प्रार्थना कशी करतात?" मग एकेक मूल उठून दाखवायचं. कुणी हात जोडायचं, कुणी ओंजळ पसरायचं, कुणी गुडघे टेकायचं, कुणी कपाळ जमिनीला टेकायचं. एक पठ्ठ्या म्हणाला, "आमच्याकडे काही नाही. आम्ही जेवतो आणि झोपतो." त्यावर ताई म्हणाल्या, "मग तू आणि मी एका घरातले." नंतर सगळ्यांनी सगळ्यांचं करून पाहायचं. कुणी फिदीफिदी हसलं तर ताई विचारायच्या, "दुसऱ्याच्या घरात दार न वाजवता शिरतो का आपण?"

त्या वर्षी पिटुकली उठली. चणीने एवढीशी, म्हणून पिटुकली. तिची आई इस्पितळात आहे हे आम्हाला ठाऊक होतं; दुखणं किती पुढे गेलंय हे ठाऊक नव्हतं. तिने दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले, बोटं चांगली पसरून; हे ताईंनी मला नंतर सांगितलं.

"आमच्याकडे डॉक्टर करतात," ती म्हणाली. "आजी बाबांना सांगत होती, डॉक्टरांनी हात टेकले. आता आई घरी येणार."

गुडघे टेकले की मागणं, कपाळ टेकलं की मागणं, आणि हात टेकले की सगळं संपलं! आपल्या भाषेची ही खोड त्या लेकराने कशी ओळखावी? तिकडे पोरांनी तर पटापट तळवे टेकलेसुद्धा. "ताई, तुम्हीपण!" असा गिल्ला झाला. हळूताईंनी सगळ्यांना डबे काढायला सांगितलं.

शाळा सुटल्यावर पिटुकलीचे बाबा न्यायला आले. घरं रंगवणारा माणूस, नखांत पांढरा रंग. ताईंनी त्यांना बाजूला घेऊन झालेलं सांगितलं. ते नखांतला रंग खरवडू लागले.

"तिला सांगू नका, ताई. चार दिवस एवढी आशा राहू दे तिच्याजवळ."

"मी मुलांशी खोटं बोलत नाही हो."

"खोटं नका बोलू. नुसतं गप्प राहा."

त्या गप्प राहिल्या. पिटुकली रोज सकाळी दप्तर ठेवायची, तळवे टेकायची, डोळे मिटायची आणि मग जागेवर जायची. "रोज वाटतं, आज सांगून टाकावं," हळूताई मला म्हणाल्या, "आणि तिचं तोंड पाहिलं की जीभ रेटत नाही."

आई गेली.

काही दिवसांनी पिटुकली परत आली. भिंतीपलीकडचा शब्द न शब्द मला ऐकू आला.

"हात टेकले म्हणजे काय, ते मला आतेभावाने सांगितलं."

"हो, बाळा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

पिटुकली मग म्हणाली, "म्हणजे मीपण रोज आईला सोडून देत होते?"

"नाही!"

हळूताई ओरडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझा अख्खा वर्ग गप्प झाला. मी धावत त्यांच्या दारात गेले.

ताई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना ते बसणं झेपणारं नव्हतं. दोन्ही तळवे त्यांनी फरशीवर टेकले होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "हे तुझं मागणंच होतं गं," त्या म्हणत होत्या. "मागणंच होतं." ज्या बाईने जन्मात कुणापुढे काही मागितलं नव्हतं, तिला पुढे काय म्हणायचं ते कळत नव्हतं.

पिटुकली हात खिशात घालून उभी होती. ती ताईंच्या हातांकडे बघत राहिली. मग जवळ आली, वाकली.

"असं नाही," ती म्हणाली. "बोटं पसरून."